टेक्सासमधलं केंद्र बंद झालं, म्हणजे नेमकं काय गेलं?

अमेरिकेत ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाने जानेवारी 2024 मध्ये आपलं मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद केलं. कारण होतं 'एसबी 17' हा राज्याचा कायदा. सरकारी विद्यापीठांनी वंश, रंग किंवा लिंग पाहून उपक्रम चालवू नयेत, असं तो सांगतो. सरकारी पैशातून कुणालाच वेगळी वागणूक नको, हा समर्थकांचा मुद्दा.

हेमन स्वेट या कृष्णवर्णीय तरुणाला प्रवेश द्या, असं 1950 मध्ये सुप्रीम कोर्टाला याच विद्यापीठाला सांगावं लागलं होतं.

कायद्यात विद्यार्थी संघटनांना सूट आहे. मग अडचण काय? या केंद्रात कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूलनिवासी विद्यार्थ्यांचे गट होते. आशियाई गटाच्या तर नावातच 'देसी' होतं! त्यांना हक्काची जागा, निधी, कर्मचाऱ्यांची मदत मिळायची. संघटना कागदावर राहिल्या, बाकी सगळं गेलं. कृष्णवर्णीय पदवीधरांच्या सोहळ्यालाही विद्यापीठाचा पैसा मिळेना.

विद्यापीठाने संबंधित विभागाच्या नावातला 'डायव्हर्सिटी' शब्द आधीच काढून तिथे 'कॅम्पस' घातला होता. तरीही एप्रिलमध्ये अख्खा विभाग गुंडाळला. सुमारे 60 जणांच्या नोकऱ्या गेल्या, असं प्राध्यापकांच्या संघटनेने सांगितलं.