जुन्या तबकडीचा भरवसा

शाळेचे जनरल रजिस्टर, पतपेढीची खतावणी, ग्रंथालयाची दाखलनोंद, घरातील तीन पिढ्यांची छायाचित्रे हे सारे आता कपाटातून निघून संगणकाच्या हार्ड डिस्कवर जाऊन बसले आहे. कागदाला वाळवी लागते म्हणून आपण डिस्कचा आश्रय केला. परंतु तिलाही आयुर्मर्यादा असते याचा सोयीस्कर विसर पडतो. त्यातच लहान संस्थांचे अंदाजपत्रक तुटपुंजे. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये कमी दरात मिळणारी वापरलेली डिस्क घ्यावी काय, हा प्रश्न उभा राहतो. ‘जुने ते टाकाऊ’ असे म्हणणारा एक पक्ष आहे आणि ‘स्वस्त आहे ना, मग घ्या’ असे म्हणणारा दुसरा. आमच्या मते दोघांचेही निदान चुकते.

हार्ड डिस्क हे अखेर फिरणारे यंत्र आहे. मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर राखून तरंगणारी वाचनशीर्षे, असा तिचा संसार आहे. जे फिरते ते झिजते. या झिजेची नोंद ठेवण्याची सोय डिस्कमध्येच केलेली असते. तिला ‘स्मार्ट’ नोंद म्हणतात आणि ती वाचणारी साधने विनामूल्य मिळतात. डिस्क किती तास चालली, किती कप्पे निकामी होऊन त्यांच्या जागी राखीव कप्पे वापरावे लागले, किती कप्पे संशयित आहेत, हे तीत दिसते. बैल घेताना शेतकरी दात पाहतो आणि चालवूनही पाहतो; तसाच हा प्रकार होय.

यांपैकी तासांचा आकडा ग्राहकाला सर्वाधिक भिववतो. ३०,००० तास म्हणजे अहोरात्र तीन वर्षे पाच महिने. तथापि केवळ तेवढ्यावरून डिस्क बाद ठरत नाही. खरे गांभीर्य निकामी कप्प्यांचे आहे. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिला कप्पा बदलावा लागल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या १४ पटींहून अधिक असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे या रकान्यात शून्याखेरीज काही दिसले, तर ती डिस्क साठवणुकीसाठी घेऊ नये.

परंतु शून्य दिसले म्हणजे निर्धास्त व्हावे काय? मुळीच नव्हे. त्याच अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी आधी कोणताही इशारा दिलेला नव्हता. शिवाय नोंदच खोटी असू शकते. २०२५ च्या आरंभी जर्मनीत सीगेट कंपनीच्या वापरलेल्या डिस्क, तासांची नोंद पुसून, काही विक्रेत्यांमार्फत नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघडकीस आले. निर्मात्याने आत ठेवलेल्या ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या नोंदीने हे बिंग फोडले. तेव्हा नोंद वाचावी, पण तिलाच प्रमाणपत्र मानू नये. संपूर्ण डिस्कवर एकदा लिहून ती पुन्हा वाचून पाहावी. चार टेराबाइटची डिस्क एकदा वाचावयासच सात-आठ तास लागतात; पण एवढा धीर ज्याला नाही, त्याने जुन्या मालाच्या वाटेस जाऊ नये.

नव्या डिस्कच्या कैवाऱ्यांनीही फार फुशारून जाण्याचे कारण नाही. दोन बिघाडांमधील सरासरी काळ दहा लाख तास, असे निर्माते छापतात. याचा अर्थ एक डिस्क ११४ वर्षे चालते असा नसून, शंभर डिस्कमागे वर्षाला सुमारे ०.९ बंद पडते, एवढाच आहे. प्रत्यक्षात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या २००७ च्या पाहणीत दोन ते चार टक्के डिस्क दरवर्षी बदलाव्या लागल्याचे सर्रास आढळले. म्हणजे नवीही केव्हातरी दगा देणारच.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. भरवसा डिस्कवर नव्हे, प्रतींच्या संख्येवर ठेवावयाचा असतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी किंवा निदान दुसऱ्या इमारतीत, हा नियम जी संस्था पाळते तिने तपासलेली जुनी डिस्क तिसरी प्रत म्हणून खुशाल वापरावी. तो पैशाचा सदुपयोग आहे आणि कचराही तेवढाच कमी होतो. मात्र जेथे एकच प्रत आहे, तेथे नवी डिस्कही जुगारच होय.

विक्रेत्यांवरही काही बंधन हवे. चाललेले तास आणि बदललेले कप्पे यांची लेखी नोंद पावतीवर असावी आणि तपासणीसाठी निदान आठवड्याची परतीची मुदत मिळावी. जो हे देण्यास का-कू करतो, त्याच्या दुकानाची पायरी संस्थांच्या चालकांनी उतरावी. विद्यार्थ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ नोंद एकदा गेली, की तो वीस वर्षांनी ती मागावयास येईल तेव्हा वाचवलेले चार पैसे त्याच्या हाती ठेवून भागणार नाही.