हेतू मनात, कलम पोलिसांच्या हाती

मोर्चावर लाठी चालते, दोन्ही बाजूंची माणसे जखमी होतात आणि संध्याकाळपर्यंत पोलीस ठाण्याच्या दफ्तरात खुनाच्या प्रयत्नाचे कलम चढलेले असते. चळवळीत वावरणाऱ्या कार्यकर्त्याला हा अनुभव नवा नाही. ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘तीनशे सात’ म्हणत आलो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०९ झाले, एवढाच काय तो बदल. आकडा नवा आला. गाभा १८६० सालचाच राहिला आणि कलम वाटेल तसे लावण्याची सवयही राहिली. म्हणून त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपण नीट समजून घेतला पाहिजे. जो खून घडलाच नाही त्याबद्दल माणसाला शिक्षा देताना कायदा नेमके काय पाहतो?

कायदा मन पाहतो. साधी दुखापत केल्याचा गुन्हा जामीनपात्र आहे आणि त्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे. तीच दुखापत खुनाच्या प्रयत्नात झाली असे ठरले, तर खटला सत्र न्यायालयात जातो, जामीन हक्काचा राहत नाही आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत पोहोचू शकते. जखम तीच, रक्त तेवढेच. फरक फक्त आरोपीच्या मनात काय होते याचा. जेथे सारा भार मनावर आहे, तेथे त्या मनाचा पुरावा सर्वांत कसोशीने तपासला जायला हवा. प्रत्यक्षात तोच सर्वांत कमी तपासला जातो.

कलमात ‘हेतू’ आणि ‘जाणीव’ असे दोन्ही शब्द आहेत, आणि पोलिसांचा सारा आधार दुसऱ्या शब्दावर असतो. दगडाने माणूस मरू शकतो हे कोणाला ठाऊक नाही, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु कायद्याला अभिप्रेत असलेली जाणीव इतकी स्वस्त नाही. मृत्यू घडला असता तर ते कृत्य खून ठरले असते, अशा प्रतीची ती असावी लागते. म्हणजे कृत्य इतके भयंकर की त्यातून मृत्यू ओढवण्याचीच दाट शक्यता, आणि ते ठाऊक असूनही निष्कारण पत्करलेला धोका. त्यावर बेकायदेशीर जमावाच्या समान उद्दिष्टाचे कलम जोडले की एकाने फेकलेल्या दगडामागचे मन शंभरांच्या माथी मारता येते. घोषणा देणारा आणि पाणी वाटणारा, दोघेही खुनाचा प्रयत्न करणारे ठरतात.

सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलेले नाही. बिहारच्या सरजू प्रसाद खटल्यात सुऱ्याचा वार झालेला होता. आतील महत्त्वाचा अवयव कापला गेला नाही एवढ्यावरून आरोपी सुटत नाही, असे न्यायालयाने बजावले. पण हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाचीच, असे सांगून खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा काढून दुखापतीच्या गुन्ह्यावर आणली. नरिंदर सिंग खटल्यात २०१४ साली तर न्यायालयाने म्हटले की, हे कलम केवळ नावापुरते घातले आहे की त्यामागे पुरावा आहे, हे उच्च न्यायालय तपासू शकते. पण उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती कामगारांची असते?

मानेसरच्या मोटार कारखान्यात जुलै २०१२ मध्ये हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्या मृत्यूचे समर्थन कोणीही करू नये. परंतु १४८ कामगारांवर खटला चालला आणि मार्च २०१७ मध्ये त्यांपैकी ११७ निर्दोष सुटले. त्यांतील अनेकांची तुरुंगात गेलेली वर्षे कोणत्या कलमाखाली परत मिळणार? उलट भोपाळ पाहा. डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली. मृत्यू ओढवेल ही जाणीव आरोपींना होती असे धरून ठेवलेला सदोष मनुष्यवधाचा आरोप १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणावर उतरवला आणि २०१० साली सात जणांना दोन वर्षांची कैद झाली. मालकाची जाणीव गृहीत धरा, असे आमचे म्हणणे नाही. मजुराची जाणीव गृहीत धरणाऱ्या यंत्रणेने मालकाची जाणीव तितक्याच चिकाटीने शोधावी, एवढेच म्हणणे आहे.

यावर आपल्यातलेच काही मित्र विचारतात : हेतूच्या पुराव्याचा आग्रह धरला तर दलित वस्तीवर कुऱ्हाडी घेऊन जाणारे गावगुंडही सुटणार नाहीत का? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर उलट दिशेला आहे. तेथे पोलीस किरकोळ मारहाणीची नोंद करून मोकळे होतात, कारण हेतू दाखवणाऱ्या गोष्टी कागदावर येतच नाहीत : हत्यार कोणते, वार शरीराच्या कोणत्या भागावर, किती वेळा, आधी धमकी दिली होती काय. हेतू शोधता येत नाही हा बहाणा आहे. पंजाबातील ओम प्रकाश खटल्यात हत्यारच नव्हते. नवऱ्याने बायकोला कोंडून उपाशी ठेवले होते. तेथे १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवसेंदिवसाच्या वागणुकीवरून हेतू वाचला आणि खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा कायम केली. जेथे तपास होतो तेथे मनही सापडते.

म्हणून आपली मागणी साधी असावी. हे कलम लावताना तपासी अधिकाऱ्याने हेतू किंवा जाणीव कोणत्या वस्तुस्थितीवरून काढली ते प्रत्येक आरोपीपुरते स्वतंत्रपणे लिहावे. पोलीस कोठडी देण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी तेच विचारावे. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी वकील मित्रांना हाताशी धरून, फिर्यादीची प्रत मिळताच हा प्रश्न पहिल्या दिवशी उभा करावा. निकालाच्या दिवशी त्याचा उपयोग उरत नाही. आणि हा आग्रह आरोपी आपला असो वा विरोधकांचा, सारखाच धरावा. आज विरोधकाचे मन ठाणेदाराने परस्पर वाचलेले आपण चालवून घेतले, तर उद्या संपावरच्या कामगाराचे मन तोच वाचणार आहे.