टक लागणे आणि ‘स्टेअर’

इंग्रजी मजकुरात ‘स्टेअर’ दिसले की आपण ‘टक लावून पाहणे’ असे लिहून मोकळे होतो, आणि उलट दिशेनेही तेच करतो. या सवयीबद्दल माझी तक्रार आहे. ती सुचली भाटघरला.

वेळवंडी नदीवरच्या या धरणाच्या जलाशयात कांबरे गावचे कांबरेश्वराचे मंदिर वर्षातले बहुतेक महिने बुडालेले असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरले की ते उघडे पडते. त्या काठच्या एका विद्यार्थिनीने अनुवादाच्या वहीत लिहिले होते : ‘आजोबांची टक पाण्याकडे लागली होती.’ खाली तिचे इंग्रजी वाक्य, त्यात ‘स्टेअर्ड’. मी बरोबरची खूण केली. पुढे हिवाळ्यात भोरला जाणे झाले, तेव्हा काठावर तसेच एक म्हातारे गृहस्थ दिसले. मंदिर जिथे असावे तिथे नुसते पाणी होते. ते तिकडेच पाहत उभे होते. आपली खूण चुकली, हे तिथे ध्यानात आले.

‘स्टेअर’चे जुने इंग्रजी रूप ‘स्टारियन’. जर्मन ‘श्टारेन’ हे त्याचे भावंड, आणि मुळाचा अर्थ ताठ, कडक होणे. ‘स्टार्च’ याच कुळातला. म्हणजे ‘स्टेअर’मध्ये डोळ्याला जणू खळ दिलेली असते! त्या ताठरपणामुळेच इंग्रजीत कोणाकडे असे पाहणे हा उद्धटपणा ठरतो, आणि समोरच्याला नजर खाली घालायला लावणारे रूपही त्याच क्रियापदाला फुटते. बसमध्ये बाईकडे एखादा असा पाहत असेल तर मराठीत तो ‘रोखून’ पाहतो, ‘डोळे फाडून’ पाहतो. तिथे ‘टक लावून’ लिहिणे म्हणजे त्याला उगाच सौम्य करणे. (स्त्रीवादी समीक्षेतल्या ‘गेझ’साठी ‘नजर’ मात्र चपखल बसते. आपली नजर लागते, ठेवली जाते, बोचतेही.)

टक लावता येते, तशी ती लागतेही. ‘आजोबांची टक लागली’ या वाक्यात कर्ता टक आहे. आजोबा षष्ठीत सरकले आहेत. त्यांनी काही केलेले नाही, त्यांचे काही झाले आहे. तान्ह्या बाळाची दिव्याकडे लागते तशी. ‘स्टेअर’ला कर्ता म्हणून माणूस लागतो. ‘निरखणे’, ‘न्याहाळणे’ ही आपली क्रियापदेही इथे चालत नाहीत. त्यांत डोळा वस्तूवरून फिरतो, तपशील टिपतो. पाण्याखालच्या देवळाचे काय न्याहाळणार?

परतल्यावर वही मागून घेतली आणि माझ्याच खुणेवर काट मारली. शेजारी ‘गेझ्ड’ लिहिले. ते फारच काव्यमय वाटले, म्हणून खोडले. विद्यार्थिनी समोर उभी होती. म्हणाली, “मग काय लिहायचं, सर?” मला सांगता येईना. दोन दिवसांनी तिनेच नवे वाक्य आणले : ‘हिज आइज वुड नॉट लीव्ह द वॉटर.’ आजोबा पुन्हा षष्ठीत गेले होते.