कुत्रा चावला? आधी नळ, मग गोळी

कुत्रा चावला की आपल्याकडे प्रत्येक जण अर्धा डॉक्टर होतो. 'मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन टाक, टेन्शन नको!' सल्ला प्रेमाचा असतो, पण तो तुम्हाला भलत्याच भरवशावर ठेवतो.

कारण साधं आहे. रेबीज व्हायरसमुळे होतो आणि अँटिबायोटिक चालतं बॅक्टेरियावर. कितीही महागडी गोळी घ्या, रेबीज थांबत नाही. आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. म्हणून आधी नळ गाठा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. मग थेट दवाखाना. लसीचा पहिला डोस त्याच दिवशी आणि पुढचे सगळे डोस ठरल्या तारखांना. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, तेही विचारा.

मग अँटिबायोटिक बिनकामाचं का? अजिबात नाही. कुत्र्याच्या तोंडात बॅक्टेरिया भरपूर असतात. त्यातल्या 'पाश्चरेला'चं नाव तर रेबीजची लस देणाऱ्या लुई पाश्चर यांच्यावरूनच पडलंय! पण जखम पिकायच्या आधीच गोळ्या सुरू करायच्या का, हे चावा कुठे, किती खोल आणि कुणाला, यावर ठरतं. हाताला, चेहऱ्याला किंवा सांध्याजवळ चावा असेल, दात खोल रुतले असतील, डायबिटीस असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टर सहसा 3 ते 5 दिवसांचा कोर्स देतात. पोटरीवर नुसतं खरचटलं असेल, तर बहुतेकदा गरज नसते. लस मात्र तेव्हाही लागतेच.

'घेतली एक गोळी, बिघडलं काय?' बिघडतं. विनाकारण घेतलेल्या औषधाने साधे बॅक्टेरिया मरतात आणि चिवट तेवढे उरतात. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा तीच गोळी फेल जाऊ शकते. स्ट्रिपवरची ती लाल रेघ डिझाइन नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असा तिचा अर्थ आहे.

तेव्हा मित्राला कुत्रा चावला, तर गोळीचं नाव सुचवू नका. त्याला नळाखाली उभं करा, गाडी काढा आणि लस घ्यायला सोबत जा. गोळीचं काय ते डॉक्टर ठरवतील.