दारांतला खडा आणि अंगठींतला खडा

आमच्या दख्खनच्या खेड्यांत विहीर खणली कीं काळ्या दगडाच्या ढिगाऱ्यांत कधीं पांढऱ्या सुयांचे गुच्छ, कधीं गुलाबी पंख्यासारखे थर, तर कधीं पाण्यासारखे निर्मळ पैलूदार खडे सांपडतात. सुरुंग लावणारा वडार बंधु ते पाहतो, विहिरीचा धनी पाहतो, पोरें खिशांत घालतात. आणि घरीं येतांच 'टाक ती गारगोटी' म्हणून ते उकिरड्यावर जातात. पुढें त्याच घरांत शनीची पीडा निघाली म्हणजे ज्योतिषी सांगेल तो खडा, सांगेल त्या किंमतीस, कर्ज काढून बोटांत घातला जातो! दारांतला खडा कचरा ठरला आणि पेठेंतला खडा नशीब होऊन बसला. असें कां होतें, याचा विचार आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं केला पाहिजे.

आमचें म्हणणें असें कीं, खडा कसा तयार होतो हें ज्या मुलानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, त्यास खड्याच्या नांवावर ठकविणें सोपें नाहीं. आणि हें पाहण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. वाण्याकडून तुरटी आणावी. पेलाभर कढत पाण्यांत तिची पूड विरेनाशी होईपर्यंत ढवळावी. हें काम मोठ्या माणसानें करावें. पाणी निवलें व एक रात्र गेली म्हणजे तळाशीं बारीक खडे बसतात. त्यांतील एक चांगला दोऱ्यास बांधून वरच्या निवळ पाण्यांत लोंबता सोडावा, वर फडकें टाकावें आणि पेला हलवूं नये. कांहीं दिवसांत तो आठ बाजूंचा होऊन वाढूं लागतो. दुसरीकडे खाऱ्या पाण्याची ताटली उन्हांत ठेवावी. तळाशीं फाशासारखे चौकोनी दाणे उरतात. शंभर ग्रॅम पाण्यांत सुमारें ३६ ग्रॅम मीठ विरतें, आणि पाणी तापविलें तरी तें फारसें वाढत नाहीं. तुरटी मात्र कढत पाण्यांत कितीतरी पट अधिक विरते. म्हणून तुरटीचा खडा पाणी निवल्यानें बनतो, मिठाचा पाणी आटल्यानें. पदार्थाचे अतिसूक्ष्म कण विटांप्रमाणें ओळीनें रचले जातात. रचण्यास सवड मिळाली तर मोठा खडा, घाई झाली तर चुरा. यांत ना शनि आहे, ना मंगळ.

आणि हें शास्त्र परकें नाहीं. मिठागरांत राबणारा आगरी, दोऱ्यावर खडीसाखर चढविणारा हलवाई, तुरटीनें रंग पक्का करणारा रंगारी यांच्या हातांत तें पिढ्यान् पिढ्या आहे. फक्त पुस्तकांत तें आलें तेव्हां त्यावर आमचें नांव नव्हतें, म्हणून आमचीं पोरें त्यास भितात.

विहिरींतील खड्यांचीहि हीच कथा. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं येथें तप्त लाव्हा पसरला. तो थिजतांना वाफेचे बुडबुडे आंत अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें क्षार विरलेलें ऊन पाणी त्यांत झिरपून स्कोलेसाइट, स्टिल्बाइट, अपोफिलाइट असे खडे जमले. जळगांव, नाशिक व पुणें या भागांतील हे खडे जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत मांडले आहेत. पुण्याजवळील वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर विशेष प्रसिद्ध आहे. सिन्नरला याच खनिजांचें 'गारगोटी' नांवाचें संग्रहालय आहे. ज्यास आपल्या मालाचें नांवच ठाऊक नाहीं, त्यास त्याचा भाव कोण विचारणार?

कोणी म्हणेल, दगड वेंचून पोट भरतें काय? आम्ही विचारतों, अंगठी घालून भरतें काय? जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळेंत शेतीचें ज्ञान द्यावें असें मागितलें, तें याचसाठीं कीं शिक्षण आमच्या मातीला धरून असावें. २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस शाळेंत बसण्याचा हक्क दिला. पण शाळेंत बसणें व डोळे उघडणें या दोन गोष्टी आहेत.

तेव्हां आईबापांनो, सुटीच्या दिवशीं मुलांसच नव्हे, मुलींसहि घेऊन नदीच्या पात्रांत व विहिरीच्या ढिगाऱ्यावर जा. चालू खाणींत व कड्याखालीं मात्र जाऊं नका. खडा काचेच्या जुन्या तुकड्यावर घासून पाहा. खरी गार काचेवर ओरखडा काढते, चुनखडीचा खडा काढीत नाहीं. कोठें, कधीं सांपडला तें चिठ्ठीवर लिहून खडा कोनाड्यांत ठेवा. मग उद्यां कोणी भाग्याचा खडा विकावयास आला, तर तो कोनाडा दाखवून तुमचें पोरच त्यास विचारील : 'महाराज, हा बनतो कसा, तेवढें सांगा!'