पाहुणे पानावर, आई कुठाय?

सोपा पदार्थ म्हटलं की आपण लगेच घड्याळ बघतो. दहा मिनिटांत उपमा, वीस मिनिटांत पुलाव, असले व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फोनवर पडलेले असतात. मला हे मापच पटत नाही. घरी पाच-सहा माणसं जेवायला येणार असतील, तर पदार्थ सोपा की अवघड हे एकाच गोष्टीवरून ठरवावं: ज्यानं किंवा जिनं रांधलं, त्या माणसाला सगळ्यांबरोबर जेवायला बसता येतं का?

पुऱ्याच घ्या ना. कणीक मळायला पाच मिनिटं, लाटणं सोपं, बिघडायचं काही कारण नाही. पण पुरी फुगलेली असतानाच पानात पडायला हवी, म्हणजे कुणीतरी कढईपाशी उभं राहायलाच हवं. गरम पोळ्यांचं तेच. 'आमच्याकडे पाहुण्यांना तव्यावरची पोळी वाढतात' हे मराठी घरात अभिमानानं सांगतात. त्याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. बाहेर हसण्याखिदळण्याचा आवाज येत असतो, आत आई किंवा काकू घाम पुसत लाटत असते, आणि शेवटी ती बसते तेव्हा भाजीतली वांगी संपून नुसता रस्सा उरलेला असतो. मग सगळे म्हणणार, 'काय सुगरण आहे हो!' अहो, पण सुगरणीला गप्पा मारता आल्या का?

यावर लोक म्हणतात, आग्रहानं गरम वाढण्यात माया असते. असते की! पण पाहुणा आला तो भेटायला. त्याला भेटायचंय त्यांतलं निम्मं घर स्वयंपाकघरात अडकून पडलं, तर ती भेट कसली?

आता आपण हैदराबादचे मराठी लोक या बाबतीत नशीबवान आहोत. आपल्या ताटात दोन्हीकडचं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते. नांदेड, परभणी, बीडची माणसं शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला इकडेच यायची. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागात मराठी घरं वसली ती अशीच. दख्खनी बोलीतला 'नक्को' आपल्या 'नको'तूनच आलाय म्हणतात. चुलीवर तर देवाणघेवाण आणखी जास्त झाली. आपली भरली वांगी आणि इथले बघारे बैंगन शेजारी ठेवून बघा. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, चिंच, दोन्हींत तेच. आपण मसाला कच्च्या वांग्यात भरतो, इथं वांगी आधी तेलात परततात आणि मग वाटणात सोडतात. तेलंगणातल्या घरात होणारी सर्वपिंडी बघितली की थालीपीठच आठवतं. पीठ तांदळाचं, पण तसंच थापायचं आणि तशीच भोकं पाडून त्यांत तेल सोडायचं. अंबाडीची भाजी म्हणजे गोंगुरा, हे तर मंडईत पिशवी घेऊन गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

यांतले बरेचसे पदार्थ आधी करून ठेवता येतात, आणि काही तर मुरल्यावरच चांगले लागतात. बघारे बैंगन सकाळी करून ठेवा, संध्याकाळी चव वेगळीच. सहा जणांना अर्धा किलो लहान वांगी, अर्धी वाटी शेंगदाणे, दोन-दोन मोठे चमचे तीळ आणि सुकं खोबरं, लिंबाएवढी चिंच. शेंगदाणे, तीळ, खोबरं वेगवेगळं भाजायचं, कारण तीळ आधी करपतात. एकत्र भाजलं की वाटण कडवट होतं आणि मग गूळ कितीही घाला, उपयोग नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं. खरं काम तेवढंच, आणि तिथं घाई केली की कच्चट वास राहतो. सोबत खट्टी दाल: तुरीची डाळ मऊ शिजवून घोटायची, चिंचेचा कोळ घालून उकळायची, वर जिरं, लसूण, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी. ही डाळ पुन्हा गरम केली तरी रुसत नाही. कुकरला भात लावून आपण बाहेर येऊन बसू शकतो.

भाकरीचं काय? ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरली तेव्हाच खरी. म्हणून पाहुण्यांच्या दिवशी भाकरी नको, धपाटे करा. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, ओवा, हळद, मीठ, भरपूर कोथिंबीर. पीठ दह्यात मळायचं. ओल्या फडक्यावर थापायचं आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटं टाकायचं. पहिले दोन फाटतात, ते करणाऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या खाऊन टाकावेत. धपाटे गार झाले तरी मऊ राहतात, उलट दही आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गारच जास्त छान लागतात. मराठवाड्यात प्रवासाला निघताना हेच बांधून द्यायचे.

चहाच्या वेळी कुणी टपकलं तर सुशीला. चुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याचं पीठ. रायलसीमेत याचीच बहीण 'उग्गाणी' म्हणून मिरचीभजीबरोबर खातात. भिजत घालून फोनवर बोलत बसलात तर मात्र लगदा होईल. गोडाला डबल का मीठा किंवा श्रीखंड. दोन्ही आदल्या दिवशीच करून ठेवता येतात.

'एवढं कशाला, बिर्याणी मागवू या' हे वाक्य आपल्या शहरात दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. मी बिर्याणीच्या विरोधात नाही, हैदराबादेत राहून तेवढी हिंमत कुणाची! कच्च्या गोश्तची बिर्याणी हे दमाचं, अंदाजाचं काम आहे, ते जाणत्यानं करावं आणि आपण खावं. पण दर वेळी डबेच उघडायचे ठरले, तर येसर म्हणजे काय हे आपल्या पुढच्या मंडळींना शब्दकोशात बघावं लागेल. (येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. आमटीला दाटपणाही त्यानंच येतो आणि चवही. वर्षभराचं वाटण एका डब्यात, यापेक्षा सोपं काय असतं?) नांदेडहून आलेल्या आजीला येसर आमटी वाढली की ती कुणाकडे कशी करतात यावर तासभर बोलते. पार्सलच्या बिर्याणीवर फार तर 'कुठली?' एवढंच विचारतात.

आणि हे सगळं पोरींनीच शिकायचं, असं मुळीच नाही. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. शाळेत चौथीपर्यंतच शिकलेल्या या बाईंनी वाटी-चमच्याच्या मापात पदार्थ असे लिहिले, की ज्यानं कधी गॅस पेटवला नाही त्यालाही जमावेत. वाटी मुलांच्याही हातात मावते. आपल्या कॉलेजातली जी मुलं प्रयोगशाळेत अचूक मापं घेतात, ती घरी 'मला फोडणीचं कळत नाही' म्हणतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

येत्या सुट्टीत मित्रांना घरी बोलावणार असाल तर करून बघा. आदल्या रात्री चक्का बांधा, सकाळी वांगी, दुपारी धपाटे, सहा वाजता डाळ. आईला मात्र आधीच बजावून ठेवा, की आज तू पहिल्या पंगतीला. तरी ती ऐनवेळी 'दोन पापड तळते' म्हणून उठणारच. तेव्हा पापड दुपारीच तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, आणि डबा तिच्या पानाशेजारी ठेवा.