मला कुठे जमणार!

सोमवारची सकाळ. चहाचा कप हातात आणि मेलबॉक्समध्ये एचआरचा मेल. 'टीम लीडच्या जागेसाठी इच्छुकांनी शुक्रवारपर्यंत अर्ज पाठवावेत.' खाली पात्रतेचे आठ मुद्दे. सहा माझ्याकडे होते, दोन नव्हते. एक म्हणजे क्लायंटसमोर प्रेझेंटेशन, दुसरा बजेट. मी मेल दोनदा वाचला, बंद केला आणि स्वतःशीच म्हटलं, 'मला कुठे जमणार!'

शुक्रवार आला आणि गेला. जागा मिळाली आमच्याच रांगेत बसणाऱ्या, माझ्यानंतर वर्षभराने जॉइन झालेल्या एकाला. कँटीनमध्ये अभिनंदन करताना मी सहज विचारलं, 'बजेट कधी केलं होतंस रे तू?' तो हसला. 'छे! इंटरव्ह्यूमध्ये सरळ सांगितलं, केलेलं नाही, पण शिकेन.'

त्या दिवशी मला समोसा गोड लागला नाही. त्याने माझी जागा हिसकावली असती तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. पण मी रांगेत उभीच राहिले नव्हते. कंपनीने नाही म्हणायच्या आधी मीच स्वतःला नाही म्हणून टाकलं होतं!

मग सल्ले सुरू झाले. 'कॉन्फिडन्स वाढव गं!' म्हणजे नेमकं काय करू, ते कुणी सांगेना. एका मैत्रिणीने आरशासमोर उभं राहून 'मी करू शकते' असं रोज म्हणायला सांगितलं. तीन दिवस म्हटलं. चौथ्या दिवशी आरशालाही कंटाळा आला असावा.

तेव्हा अल्बर्ट बांडुरा यांच्याबद्दल वाचलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ. 'अमुक एक काम मला जमेल' या भरवशाला 'सेल्फ-एफिकसी' म्हणत त्यांनी १९७७ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. त्यातली पहिलीच गोष्ट मला पटली. हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. आमचा एक मित्र गणपतीत ढोलपथकात हजारो लोकांसमोर बिनधास्त वाजवतो, पण मीटिंगमध्ये 'मी एक बोलू का?' म्हणताना त्याला घाम फुटतो. म्हणजे 'माझ्यात कॉन्फिडन्सच नाही' हे आपलं आवडतं वाक्य मुळातच चुकीचं आहे. माझ्यात बजेटचा कॉन्फिडन्स नव्हता, एवढंच. प्रॉब्लेम एवढा छोटा झाला की त्याच्याशी दोन हात करता येतात.

दुसरी गोष्ट आणखी मजेदार. बांडुरांनी सापांना प्रचंड घाबरणाऱ्या लोकांवर प्रयोग केले. काहींनी दुसऱ्या कुणाला साप हाताळताना नुसतं पाहिलं. काहींनी मदत घेत, एकेक पायरी चढत, शेवटी स्वतः साप हातात घेतला. दोघांनाही फायदा झाला, पण 'मला जमेल' हा भरवसा जास्त वाढला तो स्वतः हात लावणाऱ्यांचा. आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं पाहणं, भरवशाच्या माणसाने 'तू करशील' म्हणणं, यांनीही बळ मिळतं. पण सगळ्यात पक्का पुरावा स्वतः केलेल्या कामाचाच. आणि छातीतली धडधड? ती आपल्याला 'जमणार नाही'ची खूण वाटते. मोठ्या कामाआधी ती जमणाऱ्यांचीही होते.

आपल्या बीडच्या अविनाश साबळेचे आकडेच बघा. मांडवा गावचा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचिनला राहून आला आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला तो त्यानंतर. १९८१ पासून कुणालाही न मोडता आलेला राष्ट्रीय विक्रम त्याने २०१८ मध्ये ८ मिनिटं २९.८० सेकंदांत मोडला. मग स्वतःचेच विक्रम मोडत गेला. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ८:१८.१२ धावूनही त्याची अंतिम फेरी हुकली. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत आला होता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळेने ८:११.२० अशी वेळ देत रौप्य मिळवलं, सुवर्ण फक्त ०.०५ सेकंदाने हुकलं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ धावला आणि त्याच वर्षी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीतही पोचला, अकरावा आला. सहा वर्षांत वीस सेकंद! एका रात्रीत नाही, एकेका शर्यतीत. आणि विश्वास होता म्हणून प्रत्येक वेळी पदक मिळालं, असंही नाही.

नुसत्या स्वप्नांचं काय? मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करणाऱ्या महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'मला हे जमेल' अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त घटलं. बारीक झाल्याची गोड गोड चित्रं रंगवत बसलेल्यांचं मात्र कमी घटलं. बहुधा स्वप्नातच पोचल्यावर चालायचं कशाला, असं होत असावं.

तर मी आरसा सोडला आणि कामाला लागले. शुक्रवारच्या रिव्ह्यूमध्ये पाच मिनिटं मागून घेतली. पहिल्यांदा आवाज कापला, दुसऱ्यांदा स्लाइड पुढे सरकेना, तिसऱ्यांदा बॉसने चक्क प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं! अकाउंट्समधल्या एका काकांना गाठून एक्सेलमधलं बजेट समजून घेतलं. ते म्हणाले, 'अगं, घरखर्च लिहितेस ना? तेच, फक्त शून्यं जास्त.' मग एका चिमुकल्या प्रोजेक्टचं बजेट स्वतः केलं. दोन चुका निघाल्या, दुरुस्त केल्या.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर तीन कामं:
• 'मला जमत नाही' हे वाक्य पूर्ण करा. नेमकं काय जमत नाही?
• त्यातला इतका छोटा तुकडा निवडा, की तो याच आठवड्यात उरकेल.
• उरकला की तारखेसह लिहून ठेवा. अप्रायझलच्या वेळी तो कागद बॉसच्या आधी तुम्हाला स्वतःला लागतो.

परवा तसाच मेल पुन्हा आला. दुसरी टीम, तेच आठ मुद्दे. या वेळी मी अर्ज पाठवला. इंटरव्ह्यूमध्ये अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, 'बजेटचा अनुभव?' छाती धडधडत होतीच. म्हटलं, 'छोट्या प्रोजेक्टचं केलंय. मोठ्याचं शिकेन.'

निकाल पुढच्या आठवड्यात आहे. जागा मिळाली तर समोसे माझ्याकडून. नाहीच मिळाली, तर या वेळी 'नाही' त्यांनी म्हटलेलं असेल, मी नाही.